नाशिकरोडला संध्याकाळ आडवी आली

सत्त्याहत्तर सालच्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी मी कल्याण स्टेशनवर उभा होतो. एका हातात सुंतेच्या हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात बर्फात घातलेल्या सुरमईचा डबा. दोन्ही वस्तू नाशिकरोडला एकाच घरी पोचवायच्या होत्या, आणि दोन्ही सूर्य मावळायच्या आत.

आधी माझी ओळख करून देतो. ठाण्याला आमची मशीद आहे (आम्ही बेने इस्राएल लोक सिनेगॉगला पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आलो). तिथला मी हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा. शेजारपाजारचे मला ‘रब्बीसाहेब’ म्हणतात. खरं तर रब्बी व्हायला फार शिकावं लागतं. मी शिकलो तो वडिलांच्या मागं उभं राहून, त्यांच्या कोटाला धरून. पण लोकांनी आपणहून बढती दिली, ती परत कशाला करा! लग्न लावणं, मयताची प्रार्थना म्हणणं आणि मुलांची सुंता करणं ही माझी कामं. पोटापाण्यासाठी शाळेत भूगोल शिकवतो.

बोलावणं होतं रूबेनबाबांचं. हे मूळचे अलिबागकडचे, जन्म गेला नाशिकरोडच्या छापखान्यात. आता निवृत्त. बायको वारलेली, मुलगी इस्रायलला, मुलगा आयझॅक सातपूरला कारखान्यात टर्नर. त्या आयझॅकला मुलगा झाला होता. तार अशी: ‘शुक्रवारी रात्री मुलगा. शनिवारी सुंता. या.’ आमच्यात सुंता आठव्या दिवशी करायची म्हणजे करायची, मग तो दिवस शब्बाथचा, म्हणजे शनिवारचा असला तरी चालतो. पण शब्बाथला प्रवास चालत नाही. आणि आमचा दिवस सुरू होतो संध्याकाळपासून. म्हणून शुक्रवारी दिवस बुडायच्या आत मला तिथं पोचणं भाग होतं.

त्यातही एक निकड होती. रूबेनबाबा कायमचे इस्रायलला निघाले होते. रविवारी सकाळी मुंबईत स्थलांतराच्या ऑफिसात हजर व्हायचं, दुपारी विमान. म्हणजे शनिवारी शब्बाथ सुटला की टॅक्सीनं नाशिक सोडायचं. जाण्याआधी नातवाला मांडीवर घेऊन सुंतेला बसायचं, एवढी एकच इच्छा. मांडीवर घेऊन बसणारा तो सान्दाक, आमच्यात फार मोठा मान. आयझॅकची नोकरी इथली, त्याचा जायचा विचार नव्हता. आजोबा आणि नातू पुन्हा कधी भेटतील कोण जाणे.

गाडीत समोर देवळ्याचं एक कांदेवालं जोडपं बसलं होतं. मुंबईला लेकीकडं जाऊन परत चाललेले. मी बसल्याबरोबर बाईंनी पदर नाकाला लावला. सुरमईचा वास! वर बर्फ वितळायला लागला आणि डब्यातून थेंब थेंब पाणी त्यांच्या वळकटीवर.

“ओ बाबा, तुमची बादली गळू ऱ्हायली,” गृहस्थ म्हणाले.

मी माफी मागितली, डबा उचलून पायाशी घेतला. मग माझा कोट भिजला. बाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, “हाऊ माणूस कोण शे?” (हा माणूस कोण आहे?) नवऱ्यानं तो प्रश्न माझ्याकडं सरकवला.

“मी यहुदी,” मी म्हटलं.

“म्हंजे किरिस्ताव?”

“नाही.”

“मुसलमान?”

“नाही हो.”

“मंग हिंदूच की.”

“तेही नाही.”

गृहस्थांनी मला खालून वर पाहिलं. धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, तोंडात शुद्ध मराठी. “मंग राह्यलं काय?” म्हणाले. मला हसूच आलं. मी सांगितलं, आमचे पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले असं आम्ही मानतो, तेल गाळायचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद ठेवायचो.

“दोन हजार वर्सं! मंग आमच्यापेक्षा जुने की तुमी. आमचं खळं बापानं बांधलं.” आणि लगेच पेटीकडं बोट: “ह्यात काय हाय? पोथी?”

आता काय सांगावं! खोटं बोलवेना. सांगितलं. ऐकून गृहस्थ खिडकीकडं बोटभर सरकले, आणि बाई पदराआड इतक्या हसायला लागल्या की त्यांना ठसका लागला. नंतर मात्र त्यांनी मला बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. काय तो ठेचा! डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ. कुठल्याही धर्मात मना करू नये असा.

त्यांच्याजवळ त्या दिवसाचा पेपर होता. पहिल्या पानावर बातमी: इजिप्तचे अध्यक्ष विमानानं इस्रायलला जाणार. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या फौजा आमच्या योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी चालून गेल्या, तेच आपल्या पायांनी जेरुसलेमला! मी ती बातमी एकदा वाचली, पुन्हा वाचली.

“तुमच्याकडं भांडण मिटणार मनतात,” गृहस्थ म्हणाले.

“बघू या.”

“मिटंल. आमच्या बांधाचं मिटलं, चुलतभाऊ सोता चालत आला घरी. कोनीतरी आधी चालत यावं लागतं.” भारत सरकारनंही इतक्या सोप्या शब्दांत परराष्ट्र धोरण कधी सांगितलं नसेल. मी मनातल्या मनात ‘आमेन’ म्हटलं.

कसाऱ्याला गाडी जी थांबली ती थांबलीच. दुपार टळली तरी घाट चढायला मागून लावायचं इंजिन येईना. माझा जीव खाली-वर. सूर्य कलायला लागला होता. मी दर दोन मिनिटांनी खिडकीतून डोकं बाहेर काढत होतो. शेवटी बाई म्हणाल्या, “बाबा, सूर्य तुमच्या बघन्यानं थांबनार नाय.” अखेर धक्का बसला. बोगदे, दऱ्या, पुन्हा बोगदे. इगतपुरीला इंजिन बदललं, तेवढ्यात मी गरम वडा घेतला आणि तोंड पोळून घेतलं. वर चढल्यावर हवा एकदम हलकी आणि गार होते. घोटीच्या बाजूला भात कापून झालेला, खाचरांत भाताच्या उडव्या रचलेल्या. एरवी मी हे सगळं पोरांना भूगोलात सांगतो तसं डोळे भरून पाहिलं असतं, पण त्या दिवशी मला फक्त पश्चिम दिशा दिसत होती.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. टांगेवाल्याला म्हटलं, “पळव बाबा.” टांगा दारात उभा राहिला, मी मासे आत दिले, हात-पाय धुतले, कालवण शिजून उतरलं, आणि दिवस बुडता बुडता आयझॅकनं पाण्यावर तेल घातलेल्या काचेच्या पेल्यातली वात पेटवली. बायको बाळंतीण, म्हणून त्या दिवशी दिवा लावायचं काम त्याच्याकडं. पोचलो एकदाचा! घामाघूम झालो होतो, पण असा आनंद झाला की काही विचारू नका.

घर छोटं, दोन खोल्यांचं. दारावर मेझुझा (पवित्र ओळींचा कागद ठेवलेली छोटी डबी), भिंतीवर रथात बसलेल्या आमच्या प्रेषित एलियाहू हन्नाबींचं चित्र. कोपऱ्यात रूबेनबाबांची लोखंडी ट्रंक दोरीनं बांधून तयार. बाबा उंच, वाळकुडे, मिशा पांढऱ्या. आतल्या खोलीत सून रिव्का बाळाला घेऊन पडली होती. पोरगं गोरंगोमटं आणि आवाज म्हणाल तर हझान व्हायच्या लायकीचा. काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबतावर मी किद्दुश म्हटला (हा आमचा शब्बाथच्या जेवणाआधीचा आशीर्वाद). सुरमईचं नारळाच्या दुधातलं कालवण शेजारच्या गायकवाडवहिनींनी दिवस बुडायच्या आत घाईघाईनं करून दिलं होतं. त्या बौद्ध. वीस वर्षांच्या शेजारात बेने इस्राएली सुगरण झालेल्या.

जेवता जेवता मी सहज विचारलं. विचारायचंच असतं, ते माझं काम. “मूल नक्की कधी झालं?”

“रात्री,” आयझॅक म्हणाला. “कारखान्यातून मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अंधार होता.”

“रात्री कुठली?” आतून रिव्काचा आवाज. “चहासुद्धा यायचा होता अजून. दिवे नुकते लावत होत्या बायका.”

“तुला काय कळत होतं तेव्हा?”

“मला नाही तर कुणाला कळणार? तुम्ही तर तिथं नव्हतातच!”

माझा घास हातातच राहिला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मूल शुक्रवारी दिवसा झालं असेल तर आठवा दिवस शुक्रवार. रात्री झालं असेल तर आठवा दिवस शनिवार, मग शब्बाथ असूनही सुंता करायची. पण सूर्य मावळलाय आणि तीन चांदण्या उगवल्या नाहीत, अशा कातरवेळी झालं असेल, तर तो दिवस कुठला हे माणसाला ठरवता येत नाही. आणि शंका असताना शब्बाथला मुलाला हत्यार लावता येत नाही. मग सुंता रविवारी.

आणि रविवारी रूबेनबाबा नसणार!

“दवाखान्यात बाहेर कोण होतं?” मी विचारलं, आणि विचारता विचारता मला वाटत होतं की कुणीच नसावं, नाहीतर जो असेल त्याला नीट आठवत नसावं.

“मी होतो,” रूबेनबाबा म्हणाले.

 बाबा पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. “मी अंगणात उभा होतो. तोंडात विडी. काडी ओढणार, तेवढ्यात मनात आलं, शब्बाथ लागला की काय? सूर्य तर दिसत नव्हता. वर बघितलं. एक चांदणी, तीही आहे-नाही अशी. दिवस असेल तर ओढायला हरकत नाही, रात्र असेल तर शब्बाथला विस्तव पेटवल्याचं पाप. ठरेना. आणि ठरेना तोवर खिडकीतून पोराचं रडणं आलं.”

“मग विडी?” आयझॅकनं विचारलं.

“खिशात. ठरल्याशिवाय कशी ओढणार?”

सांगा, जगात दुसऱ्या कुणाची अशी पंचाईत होईल का? नातू जन्माला येतोय आणि आजोबा काडी हातात धरून आकाशाची उलटतपासणी घेतायत! मला हसू आलं, पण हसता हसता रविवार आठवला. बाबांनी ‘अंधार पडला होता’ एवढं म्हटलं असतं तर मी कशाला खोदत बसलो असतो? पण ते म्हणाले नाहीत. उलट माझ्याकडं बघून त्यांनीच विचारलं, “मग रविवार ना?”

“रविवार, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या ताटात सुरमईचा तुकडा वाढला.

शनिवार उजाडला तो कुंद. प्रार्थना झाल्यावर बाबा आणि मी पाय मोकळे करायला निघालो. वस्ती संपली की झेंडूचे मळे. फुलं तोडणाऱ्या एका बाईंनी बाबांना ओळखलं.

“बाबा, चालले म्हने तुमी? घ्या, वंजळभर घ्या.”

“आज नको, गंगूबाई.”

“पैसे कोन मागतंय? घ्या की.”

“अगं, आज हातात धरून न्यायचं नसतं.”

“हात बांधलेत का काय?”

“आज बांधलेत,” बाबा हसून म्हणाले. बाईंनी कपाळावर हात मारला आणि आम्ही रिकाम्या हातांनी पुढं गेलो. बाबा मळ्याकडं वळून वळून बघत होते. मी विचारलं, “तिकडं फुलं मिळतील ना?” ते म्हणाले, “मुलगी लिहिते, तिकडं वाळू आहे. पण ती म्हणते बाबा, आपल्या लोकांत या. आता हे,” त्यांनी मळ्याकडं, वस्तीकडं, गंगूबाईंकडं हात केला, “हे कुणाचे लोक?”  मलाही हा प्रश्न गेली तीस वर्षं पडतोय. शब्बाथला मी जेरुसलेमकडं तोंड करून प्रार्थना म्हणतो आणि प्रार्थना संपली की माझी स्वप्नं मराठीतच पडतात.

दुपारी गायकवाड आले. हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बोलणं फटकळ, जीव मोठा. त्यांना सगळी हकिगत कळली होती.

“रब्बीसाहेब, तुमचा देव इतकं बारीक बघतो का हो? पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न.”

“आज पाच-दहा मिनिटं सोडली तर उद्या तास सोडावासा वाटेल.”

“हां, ते ऑफिसात बघतोच आम्ही,” गायकवाड म्हणाले. “बरं, मी ट्रंककॉल लावतो मुंबईला. तुम्हाला आज फोन चालत नाही, मला चालतो. सांगतो त्या ऑफिसला, म्हाताऱ्याला पुढच्या विमानात घाला.”

“नका लावू,” बाबा म्हणाले.

“का?”

“ते ऑफिस आज बंद. त्यांचाही शब्बाथ.”

गायकवाड असे मोठ्यानं हसले की बाळ दचकून उठलं. आतून वहिनींनी त्यांना झापलं. मग ते गंभीर झाले. “बाबा, मला एक सांगा. तुम्ही काल खोटं बोलला असतात तर कुणाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही.”

“मग?”

“सुंतेलाच त्याचं नाव ठेवायचंय, गायकवाड. पहिल्याच दिवशी खोट्यावर कसं ठेवू?”

गायकवाडांनी मान हलवली. “आमच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा घरातले जुने देव नदीत सोडले. एक आजीचा लाडका होता, म्हणाली एवढा राहू दे, कुणाला दिसतोय? वडील म्हणाले, मला दिसतोय.”  मग वहिनींनी चहा आणला.

संध्याकाळी टॅक्सी दारात येऊन उभी राहिली. आम्ही तिघं अंगणात चांदण्या मोजत उभे. पहिली, दुसरी, मग बऱ्याच वेळानं छापखान्याच्या बाजूला तिसरी. शब्बाथ सुटला. मी हव्दालाची प्रार्थना म्हटली (शब्बाथला निरोप द्यायची), लवंगांचा वास घेतला, वात विझवली. आयझॅकनं डोळे पुसले आणि ट्रंक उचलली. रिव्का बाळाला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. “बाबा, घ्या ना एकदा,” म्हणाली.

बाबांनी कोट घातला होता. त्यांनी बाळाला घेतलं, खुर्चीवर बसले. बसले ते बसलेच. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला.

“बाबा, उशीर होतोय,” आयझॅक म्हणाला.

“ट्रंक ठेव खाली.”

“अहो, जागा जाईल! नंबर लागायला दोन वर्षं लागली. ताई विमानतळावर वाट बघत उभी राहील!”

“दोन हजार वर्षं इथं काढली आपण. आणखी आठ-पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?”

“आणि त्यांनी पुन्हा घेतलंच नाही तर?”

 ती भीती खोटी नव्हती. आमच्या लोकांना तिकडच्या मोठ्या रब्बींनी एके काळी ‘तुम्ही खरे यहुदी कशावरून?’ असं विचारलं होतं, आणि तो घाव अजून ताजा होता. गैरहजर राहणाऱ्याला ते काय म्हणतील? बाबांनी बाळाला आणखी जवळ घेतलं.

“ताईला तार कर,” ते म्हणाले.

“काय लिहू?”

“लिही, नातू मांडीवर आहे, उठता येत नाही.”

गायकवाड टॅक्सीवाल्याशी बोलायला पळाले. रिव्का दाराला धरून रडत होती आणि हसतही होती. मी हझान खरा, पण त्या वेळी मला एकही प्रार्थना आठवेना. मी नुसता बाबांच्या शेजारी बसून राहिलो.

रविवारी सकाळी मात्र घरात पाय ठेवायला जागा उरली नाही! सुंता शनिवारी असती तर घरचेच चौघं असते. रविवारी प्रवास चालतो, म्हणून मनमाडचे एक गार्डसाहेब सहकुटुंब आले, देवळालीहून दोन घरं आली. गायकवाडांनी रेडिओ आणून ठेवला होता. बातम्यांत सांगितलं: इजिप्तचे अध्यक्ष काल इस्रायलला उतरले, शब्बाथ संपल्यावर. “बघा,” बाबा म्हणाले, “तेही चांदण्या मोजत थांबले असतील.” गार्डसाहेबांनी शिट्टी वाजवल्यासारखा आवाज काढला आणि सगळे हसले.

एलियाहू हन्नाबींसाठी एक खुर्ची मोकळी, तिच्या शेजारी बाबा, मांडीवर उशी, उशीवर नातू. मी काम केलं. हात स्थिर होता, देवाची कृपा. पोरगं एकदाच कडाडून रडलं, मग मनुकांच्या सरबतात बुडवलेला बोळा चोखत गप्प झालं. नाव ठेवलं दानियेल. मग मलिदा: पोहे, नारळ, साखर, वेलची, वर फळं आणि खजूर. मध्येच गंगूबाई टोपलीभर झेंडू घेऊन दारात. “आज हात सुटले का?” म्हणाल्या. बाबांनी दोन्ही हातांनी टोपली घेतली.

जखम नीट वाळायला लागल्याचं बघून मंगळवारी मी परत निघालो. सोबत बाबा आणि त्यांची ट्रंक.  गाडीत बाबांना वडा दिला, तो ते हातात धरून बसले. मी माझी भीती लपवायला इगतपुरीच्या पावसाचं प्रमाण सांगत होतो.

स्थलांतराच्या ऑफिसात एक रुमानियाचे साहेब होते. टक्कल, जाड चष्मा, चेहरा तापट. ते इंग्रजीत बोलत, मी बाबांना मराठीत सांगे.

“रविवारी का आला नाहीत? जागा रिकामी गेली.”

बाबा उभेच होते. “सांगा त्यांना, संध्याकाळ आडवी आली.”

मी सगळं सांगितलं. दवाखान्याचं अंगण, विडी, काडी, बाळाचं रडणं, शुक्रवार की शनिवार. साहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

“आकाशात किती तारे होते?” त्यांनी विचारलं. आवाज करडाच.

“एक,” बाबा म्हणाले. “तोही धड नाही.”

“एक धरत नाहीत.”

“म्हणूनच तर रविवार.”

साहेब खुर्चीत पुढं झुकले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुठल्या रब्बीनं?”

मी विचारलं तसं बाबा गोंधळले. “रब्बी कुठला? आईनं. अंगणात उभं करून. तीन मोजल्याशिवाय घरात दिवा हलवू द्यायची नाही.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुसतच राहिले. “माझीही आईच,” ते म्हणाले. “पण आमच्याकडं बर्फ पडायचा. चांदण्या दिसायच्या नाहीत. ती अंदाजानं सांगायची.” मग ते उठून टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. पुढच्या आठवड्यातल्या विमानात जागा आहे म्हणाले. मला भाषांतर करावं लागलं नाही, बाबांना ते आधीच कळलं होतं.

तो आठवडा बाबा ठाण्याला आमच्याच घरी राहिले, आणि ठरल्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडून आलो. जाताना त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, “पोराकडं लक्ष ठेवा.” मी हो म्हटलं. विमान दिसेनासं झालं तरी मी तिथंच उभा होतो. आमची माणसं एकेक करून जातायत, हे मी मशिदीतल्या रिकाम्या बाकांवरून रोज बघतो, आणि रोज मनाला लावून घेत नाही. त्या दिवशी लागलं.

घरी आलो. बायकोनं पाणी दिलं आणि समोर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “काय हो, नाशकातली आपली माणसं आता किती कमी झाली?”

“कुठं कमी झाली?” मी म्हटलं. “एक गेला, एक आला.”